कार्ल्याचे यवन दाते
माणच्या वायव्येस असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात आम्ही स्तंभांवरील ब्राह्मी लेख वाचतो. धेनुकाकटच्या सिहधय नावाच्या यवनाने स्तंभ दिल्याची नोंद तेथे आहे. जुन्नरला इरिल या यवनाने दोन पाणपोढी, तर चिट या यवनाने भोजनमंडप संघास अर्पण केला.

ही लेणी घाटमार्गांलगतची होत. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की सत्तांतरानंतर कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. राजांची मैत्री व वैर यांवर व्यापार असा अवलंबून होता. संघाचे दार मात्र परदेशीयासही खुले राहिले. ‘यवन’ ही ओळख न लपविता दात्याचे नाव कोरले गेले, हेच आम्हांस या शिलालेखांचे खरे मोल वाटते.