दंडावरची देवी

२०२१ साली वाटूरला शाळेत कोरोनाची लस द्यायचे शिबिर होते. मायला घेऊन गेलो. नर्सबाईंनी दंडावरचा पदर सारला आणि सुई धरलेला हात थबकला. दंडावर पावलीएवढे दोन गोल, जुने, सुरकुतलेले वण. "हे काय झालं होतं आजी?" "काही नाही बाई, देवी हाय ती," माय म्हणाली. "फिरकी फिरवली व्हती लहानपणी." पंचविशीतल्या नर्सबाईंनी हा वण पाहिलाच नसावा. त्या रांगेत तो ओळखणारी सगळी माणसे पन्नाशीच्या पुढची होती.

मराठीत देवी म्हणजे रोग, देवी म्हणजे तो आणणारी आणि नेणारी देवता, आणि देवी म्हणजे त्यावरची टोचणीसुद्धा. तीन अर्थ एका शब्दात बिनतक्रार नांदले. 'लस' हा शब्दही असाच जुना आहे. जखमेतून जे पाणी झिरपते ती लस. आज औषधाच्या कुपीला आपण तेच नाव देतो, आणि ते अगदी अक्षरशः खरे होते असा एक काळ होऊन गेला.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस माणसाला टोचली. ती हिंदुस्थानात आणायचे प्रयत्न लगेच सुरू झाले, पण जहाजाचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा आणि उकाड्यात लस मरून जाई. शेवटी ती खुश्कीच्या वाटेने आली : व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा आणि तिथून गलबताने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि लागली. हिंदुस्थानात लागलेली ही पहिली लस. आठवड्याने तिच्या दंडावरच्या फोडातली लस काढून आणखी पाच मुलांना टोचली. त्यांच्या दंडावरून पुढच्यांना. मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद असा तिचा प्रवास झाला. मुलगी फार शांत स्वभावाची होती, असे तेव्हाच्या डॉक्टरने नोंदवून ठेवले आहे. मला ते वाक्य बोचते. आठव्या दिवशी दुखरा फोड उघडू देणारे तीन वर्षांचे मूल शांत असणे ही त्या मोहिमेची गरजच होती. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. लस जिवंत राहायची तर दंड हवा होता, तोही दर आठवड्याला नवा. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिकेकडे लस पाठवली तीही अशीच, बावीस अनाथ मुलांच्या दंडांवरून. पुढे वासराच्या कातडीवर लस तयार होऊ लागली, तेव्हा कुठे लेकरांची यातून सुटका झाली.

लस काम करते हे १८०२ साली दिसत होते. का करते हे कोणालाच सांगता येत नव्हते. आज सांगता येते. सौम्य विषाणू कातडीत शिरला की तिथल्या पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलून काखेतल्या गाठीत नेतात. मायला अजून आठवते, देवी टोचल्यावर काखेत अवधाण आले होते, हात वर होत नव्हता. त्या अवधाणात खरे काम चालले होते. गाठीतल्या असंख्य पांढऱ्या पेशींपैकी ज्या थोड्या त्या तुकड्यांशी नेमक्या जुळतात, त्याच भराभर वाढतात. काही पेशी प्रतिपिंडे सोडतात, म्हणजे विषाणूला चिकटून त्याची पेशीत शिरायची वाट अडवणारी प्रथिने. काही, लागण झालेल्या आपल्याच पेशी शोधून मारतात. काम उरकले की यातल्या बहुतेक मरतात. थोड्या मागे राहतात, काही हाडांच्या मगजात जाऊन बसतात. खरी देवी येईल तेव्हा शरीराला पहिल्यापासून शिकावे लागत नाही. दोन्ही विषाणू एका कुळातले, चेहऱ्यामोहऱ्याने सारखे, म्हणून एकाची ओळख दुसऱ्याला लागू पडते. नाही तर देवी आलेल्या दर दहांतले तिघे जात.

ही आठवण किती टिकते? अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पंचाहत्तर वर्षांपूर्वी टोचून घेतलेल्यांच्या रक्तातही देवीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. मारणाऱ्या पेशी मात्र आठ ते पंधरा वर्षांत निम्म्यावर येत होत्या.

मायला टोचले तेव्हा वाटूर निजामाच्या राज्यात होते. फिरकी म्हणजे टोकाशी बारीक दाते असलेली चकती. लसीचा थेंब दंडावर ठेवून ती गर्रकन फिरवत. गोल वण तिचाच. पोरे ज्वारीच्या ताटांत लपत, म्हणे. देशात १९७४ साली १ लाख ८८ हजार लोकांना देवी आल्या. मे १९७५ नंतर कोणाला आल्या नाहीत. मग टोचणेही थांबले. माझा जन्म १९८२चा. माझ्या दंडावर आहे तो क्षयाच्या लसीचा वण.

शिबिरातून परतताना मायने विचारले, "हिचा वण नाही का राहत?" नाही राहत, मी म्हणालो. "मग लागली हे कळंल कसं?"

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला, काख दुखू लागली. काखेत हात घालून ती म्हणाली, "आलंय अवधाण." आणि भाकरी मागून घेतली.