तीन नाणी आणि एक खजुराचे झाड

सोन्याचे नाणे पेटीत विसावते; तांब्या-पितळेचे नाणे मात्र भाजीच्या टोपलीपासून शिपायाच्या कनवटीपर्यंत दिवसभर हिंडत असते. छापखाना नसलेल्या काळात राजाचा शब्द प्रजेच्या हाती देणारा याहून चांगला दूत कोणता? रोमच्या सम्राटांनी हे पुरते ओळखले होते. ज्याला अक्षरओळख नसे, त्यालाही नाण्यावरचे चित्र कळे.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम जिंकले आणि तेथील मंदिर भस्मसात झाले. पुढच्याच वर्षी सम्राट व्हेस्पेशियनने पाडलेल्या पितळी ‘सेस्टर्शियस’ नाण्यांवर मध्यभागी खजुराचे झाड दिसते. हे झाड म्हणजे जूडिया देशाची खूण. त्याच्या तळाशी एक स्त्री शोक करीत बसली आहे आणि कडेने लेख आहे : ‘जूडिया जिंकला’.

विजयामागून कर आला. यहुदी लोक पूर्वी आपल्या मंदिराला दरसाल जे दोन द्राख्मा देत, ते आता रोममधील ज्युपिटरच्या देवळासाठी वसूल होऊ लागले. डोमिशियनच्या कारकीर्दीत ही वसुली फार जाचक झाली. इ. स. ९६ मध्ये नर्व्हा गादीवर आला. त्याच्या नाण्यावर तेच झाड आहे. पण रडणारी स्त्री नाही. लेख सांगतो, की या कराच्या निमित्ताने होणारे खोटे आरोप बंद केले. कर मात्र चालूच राहिला! नाणे खोटे बोलत नव्हते. ते अर्धेच बोलत होते.

तिसरे नाणे रोमचे नव्हे. इ. स. १३२ मध्ये, हेड्रियनच्या काळात, शिमोन बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुद्यांनी बंड केले. बंडखोरांनी चालू असलेली रोमन अमलातील नाणीच घेतली आणि त्यांवर आपला ठसा मारला : सात फांद्यांचे खजुराचे झाड, आणि पाठीमागे द्राक्षाचे पान. लेख प्राचीन हिब्रू लिपीत, जेरुसलेमच्या स्वातंत्र्याचा.

इ. स. १३५ मध्ये ते बंड चिरडले गेले. नाणी उरली. त्यांतील काही नाणी नीट निरखून पाहिली, तर झाडाच्या फांद्यांखाली सम्राटाच्या जुन्या मुखवट्याच्या रेषा अद्याप पुसट दिसतात. पराभवाची खूण म्हणून जे झाड रोमने जगभर फिरवले, तेच जिंकलेल्यांनी परत मागून घेतले होते, आणि तेही सम्राटाच्याच तोंडावर ठसा मारून.