श्रमिक-हक्कविषयक मतदान

वेतन, कामाचे तास, रजा, संघटनास्वातंत्र्य, निवृत्तिवेतन इत्यादी श्रमिकांच्या हक्कांसंबंधी मतदारांनी दिलेला कौल. हा कौल दोन प्रकारांनी मिळतो : एखाद्या कलमावर थेट अनुकूल वा प्रतिकूल मत नोंदवून, किंवा त्या प्रश्नाची बाजू घेणाऱ्या उमेदवारास निवडून देऊन अथवा नाकारून. स्वित्झर्लंडमध्ये व अमेरिकेच्या काही राज्यांत पहिला प्रकार रूढ आहे. भारतात कामगार कायद्यावर सार्वमत घेण्याची तरतूद नसल्यामुळे येथे दुसराच प्रकार आढळतो. परिणामी, वसई पूर्वेकडील एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत राहणाऱ्या मतदाराचे श्रमिकांच्या हक्कांविषयीचे मत पाणी, रस्ते, लोकलगाडी, पक्षनिष्ठा व जातिसंबंध या अन्य विचारांत मिसळूनच मतपेटीत पडते, आणि ते वेगळे काढून वाचणे अभ्यासकास दुष्कर होते.

थेट कौलाचे अनुभव : कारखान्यातील दिवस अकरा तासांचा करणारा स्विस कायदा १८७७ मध्ये मतदारांनी अल्प बहुमताने मान्य केला. त्याच देशाने २०१२ साली सर्वांना सहा आठवड्यांची वार्षिक रजा देण्याचा प्रस्ताव सुमारे दोनतृतीयांश मतांनी, आणि २०१४ साली ताशी २२ फ्रँक किमान वेतनाचा प्रस्ताव सुमारे ७६ टक्के मतांनी फेटाळला. तथापि २०२० मध्ये जिनिव्हाच्या मतदारांनी ताशी २३ फ्रँकांचे किमान वेतन ५८ टक्के मतांनी स्वीकारले. संपूर्ण देशाच्या मतदारास जो आकडा रोजगार बुडवणारा वाटला, जवळपास तोच महागड्या शहराच्या मतदारास, महामारीच्या काळात अन्नवाटपाच्या रांगा डोळ्यांसमोर असताना, किमान न्यायाचा वाटला. अमेरिकेत ओहायो राज्याने सरकारी नोकरांचे सामुदायिक वाटाघाटीचे हक्क संकुचित करणारा कायदा २०११ साली सुमारे ६१ टक्के मतांनी रद्द केला, कारण बाधित होणारे शिक्षक, परिचारिका व अग्निशामक हे प्रत्येक मोहल्ल्याच्या परिचयाचे होते. उलट कॅलिफोर्नियात २०२० साली ॲपवरून चालणाऱ्या वाहनांच्या चालकांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानणारा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी संमत झाला. त्यासाठी कंपन्यांनी २० कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला होता, आणि सेवा महागेल व चालकांच्या कामाच्या वेळेची लवचीकता जाईल ही भीती त्यांच्या प्रचाराच्या केंद्रस्थानी होती.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : मताधिकार नसताना कामगारांनी सह्यांचाच कौल केला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सादर झाला, आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी पदरात पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत यश मिळवून श्रमिकाचा प्रश्न विधिमंडळात नेला. परंतु संपाच्या हक्कावर निर्बंध घालणारे विधेयक त्या पक्षाच्या विरोधास न जुमानता १९३८ मध्ये संमत झाले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांना आपला निषेध संपाद्वारेच नोंदवावा लागला.

व्यक्तीस मत आणि कलमास मत यांतील अंतर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सर्वाधिक स्पष्ट झाले. सुमारे अडीच लाख कामगारांच्या या संपातील एक प्रमुख मागणी १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची होती, कारण त्या कायद्यान्वये प्रातिनिधिक ठरलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघासच वाटाघाटीचा अधिकार होता, मग कामगारांचा विश्वास त्यावर असो वा नसो. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या निवडणुकीत, काँग्रेसची प्रचंड लाट असतानाही, दक्षिण-मध्य मुंबईने संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांस लोकसभेवर पाठविले. परंतु ज्या कलमाविरुद्ध तो जनसमुदाय लढला, त्यावर मत देण्याची संधी त्यास कधीच मिळाली नाही, आणि कलम तसेच राहिले.

आपल्याकडील एकाच प्रश्नाच्या कौलाच्या जवळ जाणारी घटना म्हणजे ३० जानेवारी २०२३ रोजी झालेली शिक्षक मतदारसंघांची निवडणूक होय. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना नाकारलेली जुनी निवृत्तिवेतन योजना हा तिच्यातील कळीचा विषय होता. नागपुरात महाविकास आघाडीचा पाठिंबा असलेले सुधाकर अडबाले निवडून आले, तर वसईचे शिक्षक ज्यात मत देतात त्या कोकण मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचे ज्ञानेश्वर म्हात्रे विजयी झाले. मतदार सारे शिक्षकच, मागणीही समान. तरीही कौल भिन्न पक्षांना गेला. मागणीस अनुकूल असणे आणि ती पूर्ण करण्यास कोण समर्थ आहे हे ठरविणे, या दोन भिन्न क्रिया असल्याचे यावरून दिसते. शुद्ध श्रमिक-मतदान पाहावयाचे तर रेल्वेकडे वळावे लागते. तेथे संघटनांच्या मान्यतेसाठी २००७, २०१३ व २०२४ मध्ये गुप्त मतदान झाले. ज्या पश्चिम रेल्वेने वसईचा चाकरमानी रोज चर्चगेटच्या दिशेने जातो, तिच्या कर्मचाऱ्यांस हा अधिकार आहे. त्या गाडीतील बहुसंख्य प्रवाशांस तो नाही.

वसई-विरार परिसर : पालघर जिल्ह्यात श्रमिक-मताचे दोन विभिन्न नमुने दिसतात. उत्तरेस तलासरी-डहाणू भागात १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. तेथे जमीन, मजुरी व आत्मसन्मान हे एकच प्रकरण असल्यामुळे ती स्मृती मतदानात टिकली, आणि डहाणू मतदारसंघातून २०१९ व २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. दक्षिणेस वसई तालुक्यात वेठबिगारमुक्तीच्या लढ्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. तिचे संस्थापक विवेक पंडित २००९ मध्ये वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले खरे, पण त्या निवडणुकीचा तापता विषय नव्याने स्थापन झालेल्या महानगरपालिकेत गावे घालावीत की वगळावीत हा होता. श्रमिकांचा नेता विजयी झाला, मात्र विजयाचे निमित्त श्रमिकांचा हक्क नव्हता. २०१४ मध्ये वसईचे माजी आमदार हितेंद्र ठाकूर यांनी ती जागा परत मिळविली.

एव्हरशाईन सिटीच्या आसपास वालीव, सातिवली, गोखिवरे येथे लहान कारखान्यांचे गाळे आहेत. वसाहतीतील एकाच इमारतीत गाळ्याचा मालक, त्याच्याकडे हिशेब लिहिणारा कारकून, मुंबईत कंत्राटी नोकरी करणारा तरुण आणि दुकानदार हे शेजारी असू शकतात. आणि त्यांपैकी बहुतेकांच्या घरी कामाला येणाऱ्या बाई असतात. म्हणजे येथील मतदार सकाळी स्वतःचा पीएफ भरला गेला का याची चौकशी करणारा कामगार असतो, आणि संध्याकाळी बाईंच्या रजेचे पैसे कापावेत का हे ठरविणारा मालकही असतो. हक्कास पाठिंबा वा विरोध हा बहुधा या दोहोंपैकी कोणती भूमिका त्यास प्रश्न वाचताना आठवते यावर अवलंबून असतो.

कारणमीमांसा : उपर्युक्त उदाहरणांवरून चार कारणे निष्पन्न होतात. बाधित माणूस परिचयाचा असेल तर मतदार हक्काच्या बाजूने झुकतो. खर्च आपल्यावर आणि लाभ अपरिचितावर, अशी मांडणी झाली की तो मागे सरतो. विद्यमान हक्क काढून घेतला जात असेल तर त्याचा विरोध तीव्र असतो, नव्या हक्काची मागणी मात्र त्यास साशंक करते. आणि रोजगार बुडण्याची भीती न्यायबुद्धीवर सहज मात करते. मात्र खर्चाचे कारण अभेद्य नाही. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५च्या अधिनियमान्वये व्यवसाय कर बसविला, आणि शहरातील पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामाच्या हक्काचा भार दशकानुदशके उचलला. हेतू स्पष्ट व भार माफक असेल तर परक्याचा हक्कही लोक आपला मानतात, याचे हे भारतातील थोर प्रमाण आहे.

सद्यःस्थिती व महत्त्व : २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या चार कामगार संहिता अंमलात आल्या. आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असल्यास हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असणारी संघटना वाटाघाटीची अधिकारी ठरेल आणि संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, अशा दूरगामी तरतुदी मतदारांपुढे स्वतंत्रपणे कधीच आल्या नाहीत. तथापि वसई-विरारच्या नागरिकास एक दार खुले आहे. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. महानगरपालिकेचे रस्ते झाडणारा, गटारे उपसणारा कामगार ठेकेदाराकडे असला, तरी त्याचा मूळ मालक महानगरपालिका, आणि तिचा कारभार निवडून देणारे धनी तेथील मतदार. म्हणून पालिका निवडणुकीत प्रत्येक उमेदवारास या कामगारांचे किमान वेतन, पीएफ व सुरक्षासाधने यांविषयी लेखी उत्तर मागणे, हा श्रमिक-हक्कावरील थेट कौलाचा आपल्या व्यवस्थेत शक्य असलेला सर्वांत निकटचा मार्ग आहे, आणि तो अनुसरणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे.