बांध कोरणारे आणि गाढव

गेल्या शनिवारी नागोठण्याला काकांच्या शेताची मोजणी होती. शेजाऱ्याने दर पावसाळ्यात थोडा थोडा बांध कोरत आणलाय आणि हद्दीचा दगडही जागचा हललाय (दगडाला पाय फुटतात ते असे). सातबारा आता मोबाईलवर दिसतो, पण दगड सरकवणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक!

रविवारी वैतागून वडखळमार्गे अलिबाग आणि तिथून नागावला गेलो. लोक शेजारच्या अक्षीचा शके ९३४चा प्रसिद्ध शिलालेख बघून परततात. मला नागावची गद्धेगाळ बघायची होती.

गद्धेगाळ म्हणजे जमिनीच्या व्यवहाराचा किंवा दानाचा दगड. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली बाई व गाढव. चंद्र-सूर्य असेपर्यंत हा शब्द टिकेल, आणि जो मोडेल त्याच्या आईवर गाढव! वाचता न येणाऱ्यालाही धमकी कळावी म्हणून चित्रच कोरायचं. नागावचा लेख शके १२८९चा, म्हणजे इ. स. १३६७ च्या सुमाराचा, हंबीररावाच्या काळातला. त्यात शकही आहे आणि हिजरी सनही, माथ्यावर अरबी मजकूर. शिवी मात्र अस्सल मराठी.

मुंबईत परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा लेख तर आणखी मजेशीर. शके ११०८चा. दानाचा मजकूर संस्कृतात, पण शेवटी शाप द्यायची वेळ आली आणि राजा मराठीत उतरला! आधी शासन मोडणाऱ्यावर सहकुटुंब वैद्यनाथाचा भाला पडो म्हणतो, मग त्याच्या आईकडे वळतो. प्रत्येक शेताच्या बांधावर शिपाई कुठून उभा करणार? त्यापेक्षा लाज स्वस्त.

इथवर मी हसत होतो. मग दगडासमोर उभं राहून खालचं चित्र नीट पाहिलं. बांध कोरणार मुलगा, आणि सहाशे-साडेसहाशे वर्षं उन्हापावसात उघड्यावर कोण, तर त्याची आई. गुन्हेगाराचं चित्र कुठेच नाही.

शनिवारी मोजणीची साखळी पडली तेव्हा काका आणि शेजारी दोघंही पाचव्या मिनिटाला एकमेकांच्या आईवर घसरले होते. आमची आजी आणि त्यांची आई, दोघी त्याच बांधावर बसून भाकरी खायच्या. सातबाऱ्यावर दोघींचंही नाव कधी चढलं नाही.

फेरमोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.