परिणाम कोणावर? टिळकांची १९१६ मधील भाषणे आणि श्रोत्यांचा प्रश्न

राजकीय वक्तृत्वावरील मराठी लेखनात ‘भाषणाने सभा भारावून गेली’ हे वाक्य वारंवार आढळते. ते खोटेच असते असे नाही. पण त्यातून फारसे काही कळत नाही. कोण भारावले, कशाने भारावले आणि हे आपण कोणत्या पुराव्यावर म्हणतो, हे प्रश्न तसेच राहतात. वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांच्या संबंधातून अर्थ कसा घडतो याचा विचार प्रॅग्मॅटिक्स ही ज्ञानशाखा करते. तिच्या आधारे या प्रश्नांकडे पाहायचे, तर लोकमान्य टिळकांवरील १९१६ चा खटला हे आम्हांला सर्वांत बोधप्रद उदाहरण वाटते.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत बोलण्याचे तीन पदर वेगळे केले : शब्द उच्चारणे, उच्चारातून एखादी कृती करणे आणि उच्चारामुळे श्रोत्यावर परिणाम घडणे. अध्यक्षांनी ‘सभा तहकूब’ म्हटले की सभा तहकूब होते. ही कृती संकेताने सिद्ध होते. परंतु ‘घाबरू नका’ या शब्दांनी धीर येईल की भीती वाढेल, हे कोणताही संकेत ठरवू शकत नाही. तो परिणाम वक्त्याच्या मुठीत नसतो.

भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ मध्ये हे दोन्ही पदर एकत्र आले होते. सरकारविषयी द्वेष वा अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा होता आणि तसा प्रयत्न करणे हाही गुन्हाच होता. त्यामुळे हेतू आणि परिणाम या दोहोंचा अर्थ लावणे न्यायालयाला भाग पडे. ही दंडसंहिता २०२४ मध्ये निवृत्त झाली. पण तिने उभा केलेला भाषिक पेच संपलेला नाही.

मंडालेहून १९१४ मध्ये परतलेल्या टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग स्थापन केली. त्याच वर्षी बेळगाव येथे एक आणि अहमदनगर येथे दोन, अशी त्यांची तीन भाषणे पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपून घेतली. त्यांच्या आधारे पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. टिळकांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

या भाषणांतील दोन युक्तिवाद पाहण्याजोगे आहेत. अहमदनगरला टिळकांनी ‘परका’ या शब्दाची व्याख्या केली. परकेपण रंगात वा धर्मात नसून हितसंबंधात असते. जो या देशाच्या हिताचे करतो तो मुसलमान असो वा इंग्रज, परका नव्हे, असा त्यांचा आशय होता. वरवर पाहता ही उदार व्याख्या आहे. परंतु मग जो या देशाच्या हिताचे करीत नाही, त्याला काय म्हणायचे? हे वाक्य पूर्ण करण्याचे काम श्रोत्यांकडे राहते. पॉल ग्राइस यांनी १९७५ च्या निबंधात ज्या सूचित अर्थाचे विवेचन केले तो येथे काम करतो. आपण स्वतः काढलेला निष्कर्ष ऐकवलेल्या निष्कर्षापेक्षा मनात खोल रुजतो, असे आम्हांस वाटते.

दुसरा युक्तिवाद वेदान्ताच्या भाषेतला आहे. निर्गुण ब्रह्म वेगळे आणि त्याचे व्यक्त रूप वेगळे; त्याप्रमाणे अव्यक्त सरकार म्हणजे मूळ राजसत्ता वेगळी आणि दृश्य नोकरशाही वेगळी. मागणी दुसरीत बदल करण्याची आहे, पहिलीत नव्हे. कीर्तन-प्रवचनात मुरलेल्या श्रोत्याला हा भेद समजावून द्यावा लागत नव्हता. त्याच वेळी कायद्यापुढे तो ढालीसारखा पुढे करता येत होता.

ती ढाल मात्र न्यायालयाने स्वीकारली नाही. सरकार माणसांकरवीच चालते. त्यामुळे नोकरशाहीवरील टीका सरकारविषयी द्वेष पसरवते की नाही, हे शब्दांच्या स्वाभाविक परिणामावरून ठरवावे लागेल, असे न्या. बॅचलर यांचे प्रतिपादन होते. भाषण अखंड वाचावे, सुट्या उताऱ्यांपेक्षा त्याच्या एकंदर परिणामाकडे लक्ष द्यावे, हा त्यांचा निकष. टिळक सुटले ते त्या तात्त्विक भेदामुळे नव्हे, तर या निकषामुळे.

तरीही हा ‘स्वाभाविक परिणाम’ कोणावरचा? समोर बसलेले श्रोते होते आणि लेखणी घेऊन बसलेला लघुलेखकही होता. अर्विंग गॉफमन यांनी १९८१ च्या ग्रंथात ज्यांच्याशी बोलणे चालू आहे ते श्रोते आणि नुसते ऐकणारे यांत भेद केला. राजनिष्ठेचे एकच वाक्य लघुलेखकासाठी पुरावा होते. सभेला त्यातून मिश्किलपणाही ऐकू येणे शक्य होते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंजनेची कारणे सांगताना वक्ता आणि श्रोता यांच्याबरोबरच काकू, प्रसंग, देश, काल यांची गणना केली आहे. लघुलेखनात शब्द उतरतात. काकू उतरत नाही. भाषांतरात तर शब्दही बदलतात.

म्हणून उपलब्ध संहितेवरून ‘सभेवर असा परिणाम झाला’ असे म्हणणाऱ्या अभ्यासकाने सावध राहावे. आपल्या हाती जे आहे ते बव्हंशी आरोप सिद्ध करण्यासाठी टिपलेले आहे. प्रॅग्मॅटिक्सच्या साहाय्याने आपण कोणता परिणाम शक्य होता हे दाखवू शकतो. प्रत्यक्षात तो घडला की नाही, हे दाखवण्यासाठी श्रोत्यांच्या आठवणी, पत्रे, पुढील सभा आणि सभासदनोंदणी असे वेगळे पुरावे शोधावे लागतात. वर्गात हे भाषण शिकवताना विद्यार्थ्यांना अलंकार शोधायला सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा : हे वाक्य शेतकऱ्याने, वकिलाने आणि लघुलेखकाने कसे ऐकले असेल? तिन्ही उत्तरे सारखी आली, तर भाषण पुन्हा वाचावे.