रेडिओभोवतीचे वर्ग

रेडिओवरचे भाषण एकट्याने ऐकण्याऐवजी दहा-वीस जणांनी एकत्र ऐकावे आणि लगेच त्यावर चर्चा करावी, ही पद्धत प्रौढशिक्षणात १९२०-३०च्या दशकात रुजली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या व्याख्यानांसाठी श्रोत्यांचे गट तयार झाले होते. या पद्धतीला पक्की बैठक मिळाली ती कॅनडात. तेथे १९४१ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘नॅशनल फार्म रेडिओ फोरम’ सुरू झाला. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की सोमवारी रात्री शेजारी-शेजारी एकमेकांच्या घरी जमत. विषयाची छापील पुस्तिका आधीच टपालाने आलेली असे. ती वाचायची, कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि आपले म्हणणे लिहून कळवायचे, असा क्रम होता. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातली एकेरी वाट अशा रीतीने दुहेरी झाली.

हीच पद्धत भारतात चालेल का, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला. मुंबई राज्यातल्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली गेली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे श्रोतेमंडळ स्थापन झाले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. त्यांचे विषय शेती आणि गावसुधारणेचे होते.

कॅनडाचा साचा येथे जसाच्या तसा बसणे शक्य नव्हते. तिथे घरोघरी रेडिओ होते आणि वाचता येणारी माणसे होती. इथे संच गावाचा, सार्वजनिक. मंडळातल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून छापील पुस्तिकेची जागा तोंडी चर्चेला घ्यावी लागली. चर्चा चालवायला एक अध्यक्ष आणि टिपण लिहायला एक संयोजक असे. मंडळाचे प्रश्न पुणे केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. आपण विचारलेला प्रश्न रेडिओवरून ऐकू येणे, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. मंडळे टिकण्यामागे व्याख्यानांच्या दर्जाइतकाच या उत्तरांचाही वाटा असावा.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. या कामाचे सूत्रधार समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ मूळचे व्हिएन्नाचे. त्यांनी मंडळे असलेल्या गावांच्या जोडीला आणखी दोन प्रकारची गावे घेतली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. प्रसारणाआधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवरचे प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत ज्ञानात ठळक भर पडलेली दिसली. इतर गावांतली वाढ नगण्य होती. जी थोडीफार झाली, ती बहुतांशी रेडिओ असलेल्या गावांत. संच बसवला की शिक्षण आपोआप होते, हा सरकारी योजनांमागचा जुना समज या आकड्यांनी खोटा ठरवला, तरी पुढे तो सुटला असे मात्र नाही. निरक्षर सदस्यही चर्चेत भाग घेत होते, आणि मंडळे ऐकण्यावर न थांबता गावात काय करायचे याचे निर्णय घेऊ लागली होती. उणीवही उघड होती : मंडळे जवळजवळ पुरुषांचीच राहिली.

या यशानंतर १९५९ मध्ये योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या वाढली, पण पुण्याच्या प्रयोगात मंडळांना भेटी देणारी, त्यांचे प्रश्न पुढे नेणारी जी यंत्रणा होती, ती एवढ्या मोठ्या पसाऱ्याला पुरणे अवघड होते. प्रश्नाचे उत्तर वेळेत आले नाही की प्रश्न पाठवण्याचा उत्साहही ओसरतो. त्यातच ट्रान्झिस्टर आला. जड, महागड्या सार्वजनिक संचाभोवती जमण्याची गरज उरली नाही. रेडिओ घरात, मग शेताच्या बांधावर गेला. ऐकणारे कितीतरी पटींनी वाढले आणि एकत्र ऐकणे मागे पडले. कॅनडातही १९६५ मध्ये फोरम बंद झाला.

सार्वजनिक संचाची कल्पना पुढे दूरचित्रवाणीने उचलली. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत संच बसवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. गावकरी पुन्हा एका संचासमोर जमले. त्यांची मते या वेळी संशोधकांनी मुलाखती आणि पाहण्यांतून गोळा केली.