रॅलीत नक्की काय मोजतात? आधी ते बघा

‘मोटार रॅली म्हणजे वेगाचा खेळ.’ माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात साधारण अशीच होती. मुंबई परिसरात मोटार ही हौसेची गोष्ट कशी झाली, हा माझा विषय. जुन्या बातम्यांवरून वेगाचं आकर्षण कसं वाढत गेलं ते दाखवायचं, असा बेत होता. मॅडमनी कच्चा खर्डा वाचला आणि एवढंच विचारलं, “तू कधी रॅलीत बसली आहेस का गं?”

बसले नव्हते. म्हणून नवी मुंबईत रात्री होणाऱ्या एका हौशी रॅलीत मैत्रिणीच्या गाडीत नॅव्हिगेटर म्हणून बसले.

हा प्रकार ‘टीएसडी’, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. आयोजक एक रोडबुक देतात. त्यात कुठे वळायचं त्याच्या छोट्या आकृत्या, अंतरं आणि ठरवून दिलेला सरासरी वेग असतो. वाटेत कुठेतरी मार्शल घड्याळ घेऊन बसलेले असतात, पण कुठे ते सांगत नाहीत. उशिरा पोचलात तर दंडगुण, आणि लवकर पोचलात तरी दंडगुण! सरासरी वेग वाहतुकीचे नियम मोडायला लागणार नाहीत असाच ठरवतात. म्हणजे जोरात गाडी मारणारा इथे हमखास हरतो.

आमची चूक वेगळीच झाली. सुरुवातीला काही किलोमीटरचा टप्पा केवळ ओडोमीटर तपासण्यासाठी होता. रोडबुकात जिथे १० किलोमीटर लिहिले होते, तिथे आमच्या गाडीत १०.४ दिसत होते. मला वाटलं, एवढ्याशा फरकाने काय होतंय! पुढे ताशी ३६ किलोमीटरची सरासरी राखायची होती, म्हणजे मिनिटाला ६०० मीटर. गाडी प्रत्यक्षात ३० किलोमीटर चालली तेव्हा आमचा आकडा ३१.२ होता. मी त्याच आकड्यावरून वेळ काढत होते, त्यामुळे ५० मिनिटांऐवजी ५२ मिनिटांनी पोचलो. मैत्रीण शांतपणे म्हणाली, “गाडी बरोबर चालवली मी. तुझा हिशोबच चुकला.”

घरी आल्यावर १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनची टिपणं परत काढली. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या आणि दिवस-रात्र चालत दिल्लीमार्गे मुंबईला आल्या. इथून बोटीने ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला, आणि १७ डिसेंबरला सिडनी. पहिला आला हिलमन हंटरवाला अँड्र्यू कोवन, ५० गुण. दुसरा पॅडी हॉपकर्क, ५६ गुण. मी टिपणात सरळ ‘गुण मिळवले’ असं लिहून ठेवलं होतं! मग ५६ वाला दुसरा कसा, हा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता. ते दंडगुण होते, उशिराच्या एका मिनिटाला एक. सुमारे १६,००० किलोमीटरमध्ये कोवनची ५० मिनिटं गेली आणि हॉपकर्कची ५६.

अवघड टप्प्यांवर वेग लागलाच असणार, ते नाकारत नाही. पण शेवटाकडे पुढे असलेल्या ल्यूसियाँ बियांकीची सित्रोएन समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली आणि बाजी कोवनने मारली. बातमी वेगाबद्दल बोलते, निकालपत्रक वाया गेलेली मिनिटं मोजतं. मी एकाच्या भाषेत दुसरं वाचत होते.

अंतराचंही तेच. १९६८ मध्ये वाशीचा खाडीपूल नव्हता. मुंबईहून गाडीने पनवेलला जायचं तर ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा पडायचा. पूल सुरू झाला १९७३ मध्ये. त्याआधी, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली होती आणि नव्या शहराची आखणी सुरू झाली होती. आज सेक्टरमधली जी सरळसोट वळणं रोडबुकात येतात, ती याच आखणीतली. म्हणून १९७३ आधीचं ‘मुंबई ते पनवेल’ आणि नंतरचं ‘मुंबई ते पनवेल’ हे दोन वेगळे प्रवास आहेत. दोन्हींच्या वेळा शेजारी मांडून ‘बघा, मोटारी किती वेगवान झाल्या’ असं लिहिलं, तर ती मोटारीची नाही, पुलाची करामत ठरेल. मी नेमकं तेच लिहिणार होते.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकतीच नोंदणी झाली असेल, तर एवढं करून बघा. कुठलाही आकडा वहीत उतरवताना शेजारी तीन गोष्टी लिहा: हा कशाचा आकडा आहे, कोणी मोजला, आणि कुठून कुठपर्यंत. वेळ जातो, कबूल. माझी दोनशेच्या वर टिपणं परत तपासावी लागतायत आणि प्रगती अहवाल तोंडावर आलाय. पण हेच व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी दाखवून दिलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती.

प्रकरणाचं पहिलं वाक्य खोडलंय. नवीन अजून सुचलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, “आधी टिपणं पूर्ण कर, वाक्य येईल.”